स्लॅब कडेनं का गळतो, आणि चिकट मेंब्रेनची पट्टी तिथं काय करते

जून लागला, पहिला दमदार पाऊस झाला की साताऱ्यातल्या कुठल्याही जुन्या वसाहतीत चार घरं फिरून बघा. ओल छताच्या मधोमध फारशी दिसणार नाही. ती असते भिंत आणि छत मिळतात त्या रेघेवर, पश्चिमेच्या खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या लिंटेलच्या वर, छज्ज्याच्या मुळाशी. आणि मे महिन्यात घरमालकाचे पैसे जातात कुठं, तर गच्चीच्या मधल्या मैदानावर. पांढऱ्या लेपाचे डबे येतात, रोलरनं दोन हात मारले जातात, कठड्यापाशी रोलर पोचत नाही म्हणून तिथं ब्रशचा एक फटकारा. गच्ची चकाचक होते. पुढच्या जूनला ओल पुन्हा त्याच कोपऱ्यात.

गवंड्याला विचारलं तर तो म्हणतो, "साहेब, स्लॅब फुटलाय." बहुतेक वेळा स्लॅब धडधाकट असतो. गळते ती कड. कठड्याच्या बुडाचा फूट-दीड फुटाचा पट्टा, आणि त्यातही आडवं काम संपून उभं जिथं सुरू होतं तो सांधा. या पट्ट्यासाठी आता आपल्याकडेही स्वतः चिकटणारं मेंब्रेन, म्हणजे पाणी न झिरपू देणारी पातळ चादर, मिळतं. दुकानात त्याला 'सेल्फ ॲडेसिव्ह शीट' किंवा नुसतंच 'चिकट शीट' म्हणतात. वस्तू चांगली आहे, माझा तिच्यावर विश्वास आहे. पण ती कडेच्या कामातला एक थर आहे, अख्खं काम नव्हे. एवढं न कळल्यामुळं चांगलं शीट दोन पावसाळ्यांत सालासारखं निघून आलेलं इतक्यांदा बघायला मिळतं, की जरा सविस्तर लिहावंसं वाटलं.

पाणी कडेलाच का गाठतं

आधी हिशोब. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. १००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. सांगलीत वळीव आला आणि तासाला ५० मिमीच्या वेगानं कोसळला, तर त्या गच्चीवर दर मिनिटाला ७७ लिटर पाणी पडतं. महाबळेश्वरला २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत जवळपास ५९४ मिमी पाऊस नोंदला गेला. तेवढ्याच गच्चीवर ते ५५ हजार लिटर झाले. उतार नीट असेल तर हे सगळं पाणी दोन-तीन पाइपांच्या तोंडांशी जातं, आणि ती तोंडं कडेलाच असतात. मधला भाग पाणी क्षणभर अंगावर घेतो नि पुढं ढकलतो. कड मात्र तासन्‌तास पाण्यात उभी. पाइपाच्या जाळीत पिंपळाची पानं किंवा पतंगाचा कागद अडकला की मग दिवसभर.

त्यात ऊन. एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेकडं पारा चाळिशी गाठतो तेव्हा उघडा स्लॅब हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. दुपारी अनवाणी कपडे वाळत घालायला गेलेल्या बाईला तो आकडा सांगावा लागत नाही. अशा तापलेल्या स्लॅबवर चार वाजता वळीव आदळतो. तापमान १ अंशानं बदललं की काँक्रीट मीटरमागं साधारण ०.०१ मिमी लांब किंवा आखूड होतं. आकडा क्षुल्लक वाटतो, पण १० मीटर लांबीची कड आणि ३० अंशांचा चढउतार धरला की तो ३ मिमी होतो. विटांचं बांधकाम ढोबळमानानं याच्या निम्मंच हलतं. म्हणजे खाली काँक्रीट, वर विटांचा कठडा, दोघांची हालचाल वेगवेगळ्या मापाची, आणि दोघांना धरून ठेवायला अर्धा इंच सिमेंटचा गिलावा, ज्याला ताण मुळीच सोसत नाही. बऱ्याच घरांना बाहेरून, कठड्याच्या बरोबर बुडाशी, एक सरळ आडवी चीर घराभोवती फिरलेली दिसते. ती याचीच.

वाऱ्याचा हिशोबही कडेच्याच विरुद्ध जातो. छपराच्या मध्यापेक्षा कडांना आणि कोपऱ्यांना वारं जास्त ओढतं. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग, त्यात या जागांसाठी मुद्दाम वेगळे, मोठे आकडे दिले आहेत. आणि वारं पाण्यालाही ढकलतं. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा भिंतीवरचा दाब सुमारे १७ मिमी उंचीचं पाणी तोलून धरतो. ताशी १०० किलोमीटरला हीच उंची ४७ मिमी होते, म्हणजे जवळपास दोन इंच. झडीच्या पावसात पाणी "वर चढलं" असं लोक म्हणतात त्यात अतिशयोक्ती नाही.

वारं नसतानाही पाणी बारीक फटीतून वर चढतं, तो केशाकर्षणाचा खेळ. दोन पृष्ठभागांत अर्ध्या मिलिमीटरची फट असेल तर पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढू शकतं, आणि फट ०.१ मिमीची असेल तर १५ सेंटिमीटरपर्यंत. मोठी चीर डोळ्यांना दिसते म्हणून आपण ती बुजवतो. केसाएवढी चीर दिसत नाही, आणि पाणी ओढून घेण्यात तीच जास्त पटाईत.

शेवटचा चोर सगळ्यांत साधा. पाणी कडेवरून सरळ खाली पडत नाही, ते कडेच्या खालच्या अंगाला चिकटून आत सरकतं. एखाद्या फरशीच्या कडेवरून तांब्यानं हळूहळू पाणी सोडून बघा. धार सुटण्याऐवजी पाणी फरशीच्या पोटाखाली वळेल आणि बोटभर आत जाऊन मग टपकेल. छज्ज्याच्या आणि स्लॅबच्या कडेखाली हेच होतं, फक्त तिथं आत भिंत असते. म्हणून जुने चांगले गवंडी कडेच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, बोट मावेल एवढी खाच ओढायचे. पाणी खाचेपाशी येतं, तिथं त्याला चिकटायला पृष्ठभाग उरत नाही, ते गळून पडतं. गिलावा ओला असताना एक पट्टी दाबून ठेवायची, काम झाल्यावर काढून घ्यायची, एवढंच. फुकटचं काम आहे, आणि आताच्या बांधकामात सर्रास वगळलं जातं.

माळवद, कौलं आणि मग स्लॅब

सातारा जिल्हा एकच, पण पाऊस एक नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सांगलीतही शिराळ्याकडची हिरवळ आणि जत-आटपाडीचं माळरान यांचा मेळ बसत नाही. घरंही तशीच वेगळी झाली. कमी पावसाच्या मुलखात माळवदं, म्हणजे मातीची सपाट छपरं, कडेला थोडा उंचवटा आणि भिंतीच्या बाहेर हातभर आलेली पन्हळ. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडं उतरती छपरं, आधी कौलं, मग पत्रे, आणि वळचण भिंतीच्या चांगली पुढं काढलेली. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर भिंतींना गवताच्या झडी बांधायच्या, आता त्यांच्या जागी प्लास्टिकचे कागद आले. या सगळ्यांत कडेचा नियम एकच होता: पाणी भिंतीला शिवू द्यायचं नाही.

आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, स्लॅबनं तो नियम मोडला. प्लॉट लहान, म्हणून स्लॅबची कड भिंतीशीच संपली. त्यावर कठडा चढला. पाणी बाहेर फेकायचं सोडून आपण ते चारी बाजूंनी आत कोंडायला लागलो आणि चार इंची पाइपांच्या भरवशावर राहिलो. याला नावं ठेवायचा माझा हेतू नाही, गच्ची कुणाला नको असते? पण ज्या कडेवरून पूर्वी पाणी निघून जायचं, तिच्याशी आता ते टेकून उभं राहतं. मग त्या कडेला जास्तीचं संरक्षण लागणारच.

चिकट शीट म्हणजे नक्की काय

ही वस्तू मूळची बर्फाळ मुलखातली. अमेरिका-कॅनडातल्या उतरत्या छपरांवर हिवाळ्यात बर्फ साचतो. घरातल्या उबेनं तो खालून वितळतो, पाणी घसरत वळचणीला येतं. वळचण घराच्या बाहेर, म्हणून थंडगार. तिथं पाणी पुन्हा गोठतं आणि कडेवर बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्या बांधाला अडून तुंबतं आणि छपराच्या आवरणाखालून उलटं वर शिरतं. म्हणून तिकडं, जिथं असे बांध होतात त्या भागांत, कडेपासून सुरू करून बाहेरच्या भिंतीच्या आत निदान २४ इंचांपर्यंत आवरणाखाली असा जलरोधक थर अंथरायचा बांधकाम नियम आहे, आणि त्यासाठी चिकट मेंब्रेन सर्रास वापरतात.

आपल्याकडं वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो हिवाळ्यात फिरतात, बर्फाची हौस तेवढ्यावरच भागते. पण तुंबलेलं पाणी उलटं चढणं आपल्याला नवं नाही. पाइप तुंबलेली गच्ची आणि बर्फानं अडवलेली वळचण यांच्यापुढचा प्रश्न एकाच जातीचा आहे: आवरणाच्या मागे, जिथं पाणी जायलाच नको तिथं, ते काही तास टेकून राहिलं तरी आत जाऊ नये.

शीटचे थर तीन. वर पॉलिथिलीनची मजबूत फिल्म किंवा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. मध्ये रबरी गुण दिलेलं डांबर, म्हणजे बिटुमेनमध्ये एसबीएस नावाचं कृत्रिम रबर मिसळलेलं. खाली सोलून टाकायचा गुळगुळीत कागद. एकूण जाडी बहुधा १ ते १.५ मिमी, आणि गुंडाळी साधारण मीटरभर रुंद. गॅसची बत्ती मारून चिकटवतात ते ३-४ मिमी जाडीचं काळं शीट वेगळं. ते लावायला आग वापरावी लागते. कठड्याच्या कोपऱ्यात, लाकडी फळ्यांवर, केबल आणि प्लास्टिकच्या पाइपांशेजारी आग नको असते, तिथं हे बिनआगीचं शीट सोयीचं.

मधला थर हाच सगळा जीव, आणि तो वागतो काकवीसारखा: गारव्यात घट्ट, उन्हात सैल, आणि दाब दिला तर हळूहळू वाहत जाऊन बारीकसारीक खळग्यांत बसणारा. तो वाळून धरत नाही. तो कायम अर्धवट वाहता राहतो आणि म्हणूनच धरतो. यातून तीन गोष्टी आपोआप निघतात. खळग्यांत शिरायला त्याला दाब लागतो, म्हणून नुसतं अंथरून हातानं थोपटणं पुरत नाही. धूळ असेल तर तो धुळीला चिकटतो, काँक्रीटला नाही. आणि त्यातून स्क्रू किंवा खिळा गेला तर तो त्याच्या दांडीभोवती दाटून बसतो. अशा शीटसाठी वापरतात त्या एएसटीएम डी १९७० या अमेरिकी मानकात खिळा ठोकलेल्या जागेतून पाणी झिरपतं का, याची वेगळी चाचणीच आहे. सिमेंटच्या लेपाला ही गोष्ट जमत नाही.

रबर आहे म्हणून शीट ताणतं, पण या ताणण्यावर आंधळा भरवसा नको. शीट जर चिरेच्या दोन्ही अंगांना ठार चिकटलेलं असेल, तर चीर १ मिमी उघडताना तो सगळा ताण शीटच्या तेवढ्या केसभर रेघेवर येतो. फूटभर शीट १ मिमी सहज सोसेल, केसभर शीट तुटेल. म्हणून जिथं हालणारी चीर आहे तिथं तिच्यावर आधी दोन-तीन इंच रुंदीची न चिकटणारी पट्टी ठेवतात, मग त्यावरून शीट. ताण त्या दोन-तीन इंचांत वाटला जातो. ही पट्टी कुणी ठेवताना दिसला तर समजावं, माणूस जाणकार आहे.

कठड्याच्या बुडाशी काम कसं चालतं

काम सुरू होतं शीटच्या कितीतरी आधी. जुना सुटा गिलावा, शेवाळ, आधीच्या लेपाच्या पापड्या, सगळं खरवडून निघायला हवं. कठड्याच्या बुडाशी चीर असेल तर ती कोरून रुंद करायची आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरायची. मग वाटा. काटकोनी कोपऱ्यात शीट दाबलं की आत पोकळी राहते, आणि त्या पोकळीवर कुणाचा पाय पडला की शीट फाटतं. म्हणून कोपऱ्यात मसाल्याचा तिरका किंवा गोलाई असलेला दोन-तीन इंची वाटा काढतात. गवंडी वाटा थापीनं फर्मास करतात, पण बऱ्याचदा त्यावर निरू, म्हणजे नुसत्या सिमेंटचा पातळ लेप, फिरवून गुळगुळीत करतात आणि तो निरू पुढं पापडासारखा सुटतो. वाटा लाकडी रंध्यानं घासलेला बरा.

आता खरी परीक्षा: काँक्रीट कोरडं आहे का? नवा स्लॅब असेल तर निदान २८ दिवस जाऊ द्यावेत. जुना असेल तर दीड फूट चौकोनी पारदर्शक प्लास्टिकचा कागद घ्यायचा, चारी कडांनी चिकटपट्टीनं बंद करून गच्चीवर चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. कागदाच्या आतून दव धरलं असेल किंवा खालचं काँक्रीट काळसर पडलं असेल तर थांबा. आतलं पाणी उन्हात वाफ होऊन वर येतं, शीट वाफेला वाट देत नाही, आणि एप्रिलमध्ये शीटवर पोळीसारखे फुगे येतात... ही उपमा मोहात पाडणारी असली तरी शीटवरचा फुगा टम्मच राहतो आणि त्यातून वाफ निघून जात नाही, हे लक्षात असू द्या.

कोरड्या काँक्रीटवर बिटुमेनचा पातळ प्रायमर. तो धूळ बांधतो आणि शीटला धरायला पृष्ठभाग देतो. बोट टेकवलं तर किंचित चिकट लागावं, पण बोटाला काळं येऊ नये, अशा वेळी शीट लावायचं. प्रायमर मारून दोन दिवस गच्ची उघडी टाकली तर वर पुन्हा धूळ बसते, आणि मग तो मारला काय नि न मारला काय.

शीट लावताना दोघं हवेत. एक जण मापानं कापलेला तुकडा जागेवर धरतो, दुसरा खालचा कागद हातभर सोलतो, तेवढाच भाग दाबतो, मग पुढचा हातभर. सगळा कागद एकदम सोलला की शीट स्वतःलाच चिकटतं आणि तो तुकडा गेला. वारं असलेल्या दिवशी तर हमखास. दाबायचं ते मधून बाहेर, हवा कडेला काढत, आणि शेवटी लोखंडी किंवा रबरी रोलरनं वजन देऊन. वाट्यावर आणि जोडावर रोलर दोनदा. चांगला दाबलेला जोड ओळखायची खूण म्हणजे कडेला डांबराची अगदी बारीक काळी रेघ बाहेर आलेली दिसते.

क्रमाचा नियम कौलांचाच: खालचं आधी, वरचं त्याच्यावर. पाणी ज्या दिशेनं जाणार, त्या दिशेला जोडाचं तोंड उघडं नसावं. लांबीच्या बाजूनं निदान ३ ते ४ इंच एकावर एक, टोकाच्या जोडाला ६ इंच. गच्चीवर फूटभर आडवं, वाट्यावरून वळून कठड्यावर निदान ६ इंच उभं, आणि महाबळेश्वर-कोयना पट्ट्यात मी तरी फूटभर चढवायला सांगेन. दोन इंच पाणी वारं चढवतं हे वर आलंच आहे. त्यात तुंबलेल्या पाण्याची उंची मिळवा.

उभ्या शीटची वरची कड हा या कामातला सगळ्यांत दुर्लक्षित भाग. ती नुसती चिकटवून सोडली तर उन्हानं तिचं टोक सुटतं, सुटलेल्या टोकामागं भिंतीवरून ओघळणारं पाणी शिरतं आणि मग शीट पाणी अडवायचं सोडून मागं साठवायला लागतं. न लावलेलं परवडलं. म्हणून कठड्यात इंचभर खोल आडवी खाच कापायची, शीटची कड तिच्यात वळवून घालायची, वरून ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूनं आवळायची आणि खाच सीलंटनं, म्हणजे फट बुजवायच्या रबरी लुकणानं, भरायची. कोपऱ्यांत, म्हणजे दोन कठडे भेटतात तिथं, आधी वेगळा छोटा तुकडा घडी घालून बसवायचा आणि मग मुख्य शीट. पाइपाच्या तोंडाशीही तसंच: शीट तोंडाच्या आत दोन-तीन इंच उतरायला हवं, काठाशी कापून थांबवायचं नाही. गच्ची कधीकधी फक्त या एका तोंडातून गळत असते.

कठड्याचा माथा विसरून चालत नाही. शीट कितीही नीट लावा, माथ्यावरच्या गिलाव्याला चिरा असतील तर पाणी विटांतून उतरून शीटच्या पाठीमागून खोलीत येतं. माथ्यावर कडप्प्याची किंवा शहाबादी फरशी, उतार आतल्या बाजूला, दोन्हीकडं थोडी बाहेर आलेली आणि पोटाखाली खाच. रेलिंगचे खांब माथ्यात भोक पाडून रोवण्यापेक्षा आतल्या अंगाला बोल्ट केलेले बरे. सोलर हीटरचा स्टँड, डिशचा पाय, टाकीचं चौथरं, सगळ्यांना हेच लागू. मेंब्रेनचं काम झाल्यावर डिशवाला येतो आणि वाट्यातच ड्रिल मारतो, हे इतकं नेहमीचं आहे की गच्चीच्या दारावर पाटी लावावी.

पत्र्याच्या छपरांना

वाई-महाबळेश्वरकडं बहुतेक पत्रे थेट लोखंडी पट्ट्यांवर टाकलेले असतात, खाली फळ्या नाहीत. मग शीट चिकटवायचं कशाला? तिथं त्याचा उपयोग मर्यादित आहे: पत्रा भिंतीला भेटतो तो सांधा, दोन उतारांमधली पन्हळ, आणि पन्हळीचे जोड. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या पाठीची ब्यूटिल, म्हणजे एका चिकट कृत्रिम रबराची, पट्टी मिळते, ती उन्हातही टिकते. पत्र्याच्या एकावर एक जोडात केशाकर्षणानं पाणी चढतं, तिथं जोडाच्या आत ब्यूटिलची दोरी घालतात. स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हानं कडक होऊन तडकतात, ते बदलणं स्वस्त आणि जास्त फायद्याचं. फळ्या असलेल्या छपरात मात्र, बंगल्यांत असतात तशा, वळचणीपासून तीनेक फूट फळ्यांवर हे शीट अंथरून मग वर पत्रा किंवा कौल घालावं. तिथं ते मूळ देशातल्यासारखंच काम करतं.

कुठं हात टेकावे लागतात

पॉलिथिलीनच्या पाठीचं शीट उघड्या उन्हासाठी नसतं. काही आठवडे ते काही महिने, जसं शीट तशी मुदत, आणि ती पाकिटावर छापलेली असते. त्याआधी त्यावर संरक्षण यायला हवं: आडव्या भागावर सिमेंटचा कोबा, उभ्या भागावर कोंबडी जाळी लावून गिलावा. उघडंच ठेवायचं असेल तर ॲल्युमिनियम किंवा दाणेदार खनिजाच्या पाठीचं शीट घ्यावं. थोडं महाग पडतं, पण नंतरचा कोबा वाचतो.

कडेची सळी गंजून काँक्रीट फुगलं असेल तर शीट त्याचं औषध नाही. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, आणि ती जागा काँक्रीट फोडूनच मिळवतो. आधी पोकळ काँक्रीट उकरून सळी घासायची, गंजरोधक लेप, दुरुस्तीचा मसाला, मग बाकीचं. तसंच उताराचं. १०० फुटांना निदान १ फूट उतार नसेल आणि पाणी कठड्याशी डबकं करून आठवडाभर राहत असेल, तर आधी कोब्याचा उतार सुधारा. आणि बाहेरून, म्हणजे कडेच्या बाहेरच्या चिरेवर, नुसती पट्टी मारून घेणाऱ्यांना माझं सांगणं: पाणी वरून आत शिरतंय आणि बाहेर पडायची एकुलती एक वाट तुम्ही बंद करताय. ते मग खोलीतून बाहेर पडेल.

हे काम करायचा काळ दिवाळी ते होळी. काँक्रीट वाळलेलं असतं, सकाळचा गारवा शीट हाताळायला बरा, पण इतकाही नाही की डांबर चिकटायचं थांबेल. पाचगणी-महाबळेश्वरला डिसेंबरात दहाच्या आधी काम सुरू करू नये, पृष्ठभागावर दव असतं. सांगलीत मे महिन्यातच करायची वेळ आली तर गुंडाळ्या सावलीत ठेवून सकाळी अकराच्या आत आटपावं. तापलेलं शीट कागद सोडत नाही आणि उभ्या भागावरून घसरतं.

ठेकेदाराला पैसे देण्याआधी, वरचा कोबा घालण्याआधी, पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर वाट्याच्या वर येईल इतकं पाणी ४८ तास भरून ठेवायला सांगा. एवढं वजन छताला पेलेल का, हे जुन्या घरात आधी इंजिनिअरला विचारून घ्या, कारण २ इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ५० किलो. पाणी भरलेलं असताना खालच्या खोलीतल्या कोपऱ्यांना आणि बाहेरून कठड्याच्या बुडाला हात लावून बघा. आणि दरपत्रकात नुसतं "वॉटरप्रूफिंग, अमुक चौरस फूट" लिहिलं असेल तर ते परत करा. त्यात वाट्याचे रनिंग फूट, उभ्या शीटची उंची, खाच आणि पट्टी, कोपऱ्यांचे तुकडे आणि पाइपांची तोंडं वेगवेगळी लिहून मागा. जो ही ओळ लिहायला का-कू करतो, तो ते कामही करणार नसतो.